फांद्यांच्या शिंगांचे बैल

मी चित्रकलेचा मास्तर. पुसदच्या एका शाळेत शिकवायला लागून एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत पोरांच्या दप्तरांतून रंगवायची पुस्तकं मी किती काढून घेतली असतील, सांगता येणार नाही. चित्र आयतं, रेघ आयती, आपण फक्त मधल्या जागेत रंग भरायचा, यात कसली आली कला, असं मी तावातावानं सांगत असे. आणि त्याच वर्गात एखाद्याचा रंग रेघेबाहेर गेला की त्याच्या हातावर पट्टी बसत असे. रेघेत रंगवणं ही कला नव्हे, पण रेघेबाहेर गेलात तर मार, असा माझा कारभार होता. कुणी विचारलं नाही म्हणून तो इतकी वर्षं चालला.

आज माझ्या टेबलावर तसल्याच एका पुस्तकाची पानं पसरली आहेत. रंगीत पेन्सिलींनी भरलेला त्यातला अर्धा रंग माझा आहे, आणि एकाही पानावर तो रेघेच्या आत राहिलेला नाही.

हे लिहितो आहे ते ज्यांचे हातपाय आठ दिवसांत परके झाले अशांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी. औषधांची माहिती इथं मिळणार नाही, ती डॉक्टरांना विचारावी. मला सांगायचं आहे ते एका बाईबद्दल. माझ्या वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी तिनं मला रंग भरायला शिकवलं.

शर्टाची बटणं

जानेवारीचा महिना होता. आठवडाभरापूर्वी पोट बिघडून बरं झालं होतं. त्या सकाळी शाळेत जायला निघालो तर शर्टाची बटणं लागेनात. बोटं बटणापर्यंत जात होती, पण बटण कुठं आहे ते त्यांना कळत नव्हतं. सुनंदा, माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, "थंडीनं बोटं आकडली असतीन. गरम चहा घ्या." चहा घेतला आणि कप हातातून सुटला.

तशा अवस्थेत शाळेत गेलो, कारण मी रजा घेत नाही याचा मला मोठा अभिमान. फळ्यावर खडू टेकवून आडवी रेघ ओढली, ती उताराला लागल्यासारखी खाली गेली. पोरं हसली. मीही हसलो. मधल्या सुट्टीत जिना उतरताना गुडघे वाकले आणि मी तिसऱ्या पायरीवर बसलो तो बसलोच. दोघा शिक्षकांनी धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. परत मारली.

"जोरानं मारा ना," मी म्हटलं.

"सर, जोराचा प्रश्न नाही," ते म्हणाले आणि त्यांनी हातोडी टेबलावर ठेवली. मग सुनंदाकडे वळून म्हणाले, "आत्ताच यवतमाळला निघा. घरी जाऊन तयारी करत बसू नका."

त्या आजाराचं नाव लांब आहे, सगळे जीबीएस म्हणतात. मला समजलं ते एवढंच की शरीराची राखण करणारी फौज चुकून आपल्याच नसांवर चालून गेली आहे. बहुधा पायापासून सुरुवात होते आणि वर चढत जाते. किती वर चढेल, ते आधी सांगता येत नाही.

गाडीत माझं डोकं सुनंदाच्या मांडीवर होतं. खिडकीतून फक्त वरचं दिसत होतं, झाडांचे शेंडे, तारा आणि मधूनच जिनिंगला निघालेल्या कापसाच्या गाड्यांचे पांढरे ढीग. सुनंदा सारखी म्हणत होती, "काही नाही होत, काही नाही होत." तिचा आवाज खोटा आहे हे आम्हां दोघांनाही कळत होतं. पण तिनं म्हणणं थांबवलं असतं तर मी मोठ्यानं रडलो असतो.

यवतमाळच्या दवाखान्यात भरती करताना सही मागितली. पेन हातात उभं राहीना. शेवटी कारकुनानं शाईचा पॅड पुढे केला. प्रौढांच्या वर्गात मी कितीतरी म्हाताऱ्यांना अंगठा सोडून सही करायला शिकवलं होतं, दमदाटी करून शिकवलं होतं. माझा अंगठा सुनंदानं धरून टेकवला. ती निळी शाई पुढे चार दिवस गेली नाही, आणि मी जमेल तेव्हा तो हात चादरीखाली ठेवत होतो.

एका श्वासात

वॉर्डातला दिवस पहाटेच सुरू व्हायचा. आधी फिनाईलचा वास, मग झाडूचा आवाज, मग ताप बघायला सिस्टर. नळीतून औषधाच्या बाटल्या चढत होत्या. आणि सकाळ-संध्याकाळ डॉक्टर यायचे नि म्हणायचे, "सर, एका श्वासात अंक मोजा."

हे अंक मोजणं म्हणजे माझी परीक्षा. छातीचे स्नायू किती चालतात ते त्यावरून समजतं. पहिल्या दिवशी मी चोवीसपर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी एकोणीस. तिसऱ्या दिवशी चौदा. दहाच्या खाली गेलं तर श्वासाचं मशीन लावावं लागेल, असं डॉक्टरांनी बाहेर सुनंदाला सांगितलं आणि तिनं ते मला सांगितलं नाही. मला ते तिच्या ओठांवरून कळलं. मी मोजायला लागलो की तीही मनात मोजायची, तिचे ओठ हलायचे, आणि दहा पार झाले की थांबायचे.

चौथ्या दिवशी अकरा झाले.

मी भ्यालो होतो. नुसता भ्यालो नव्हतो, भीतीशिवाय माझ्यात दुसरं काही शिल्लक नव्हतं. आणि अशा वेळी मला काय आठवावं? देव नाही, मुलगी नाही. बैलांचे डोळे आठवले.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान पोरं आपापले लाकडी बैल सजवून घेऊन निघतात. आमच्या गल्लीतले सगळे लाकडी बैल वीस वर्षांपासून मी रंगवतो, आणि डोळे शेवटी काढतो. बारीक कुंचल्याचा एक झटका, डोळा तयार. लाकडाचा ठोकळा एकदम आपल्याकडे बघायला लागतो. पोरं त्या क्षणासाठी श्वास रोखून उभी असतात, आणि खरं सांगायचं तर मीही वर्षभर त्याच क्षणाची वाट पाहतो. शाळेतल्या कुठल्याही बक्षिसापेक्षा मला त्याचा जास्त गर्व होता. तो झटका आता गेला, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

पाचव्या दिवशीही अकरा. सहाव्या दिवशी तेरा. सुनंदाचे ओठ तेरापर्यंत हलले आणि ती उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा तोंड धुऊन आली होती.

वाईट पेशंट

जीव वाचला, हे कळल्यावर माणूस कृतज्ञ होतो असं म्हणतात. मी चिडका झालो. हातपाय लुळे, तोंड मात्र चालू. सुनंदा मला भरवायची, आणि मी म्हणायचो, खिचडी गार आहे, घास मोठा आहे, चमचा दाताला लागतो. एक दिवस मी म्हटलं, "तुला भरवताही येत नाही नीट."

तिनं चमचा ताटलीत आपटला. "तीस वर्षं सैपाक केला, तवा कधी नाव नाही ठेवलं. आता हात बंद झाला तं जिभीले धार आली?" असं म्हणून ती व्हरांड्यात जाऊन बसली. खिचडी समोर होती आणि मला ती खाता येत नव्हती. अर्ध्या तासानं ती आली, बसली, खिचडी कालवली आणि भरवली. मी माफी मागितली नाही. ती आज इथं मागतो, कारण तोंडानं मागायचं अजून जमलेलं नाही.

आमची मुलगी मुग्धा पुण्यात नोकरी करते. ती आठ दिवस राहून गेली. बाबांना पुण्याला हलवूया म्हणून तिचं आणि आईचं फोनवर जोरात वाजलं. शेवटी असं ठरलं की दवाखान्यातून सुटल्यावर आम्ही यवतमाळलाच सुनंदाच्या भावाकडे राहायचं आणि रोज व्यायामाला जायचं. चोवीस दिवसांनी मी चाकाच्या खुर्चीतून बाहेर पडलो. पाय हळूहळू येत होते. बोटं मात्र आडमुठी होती, उजव्या हाताची तर फारच.

फिजिओथेरपीच्या मॅडम वयानं मुग्धाएवढ्या. त्यांनी मला मूग आणि हरभरे वेगळे करायला लावले, कपड्यांचे चिमटे दोरीला लावायला दिले, घरी कणीक मळायला सांगितली. मग म्हणाल्या, "सर, तुम्ही तर चित्रकलेचे. रंगवत का नाही?"

"रंगवणं माझा धंदा आहे, मॅडम. तो बंद पडला आहे."

मॅडमनी मुग्धाला फोन केला. आठ दिवसांत पुण्याहून पार्सल आलं. त्यात अठ्ठेचाळीस रंगीत पेन्सिलींचा डबा आणि एक जाडजूड पुस्तक. मोठ्यांनी रंगवायचं, सणांच्या चित्रांचं.

पोरीनं सण एवढंच बघून ऑर्डर दिली होती. आत दिवाळी नाही, होळी नाही. सगळे तिकडचे सण. दात काढलेला भोपळा, नक्षीची अंडी, मोठा कोंबडा ताटात, बर्फात घरं, आणि दाढीवाल्या बाबाच्या गाडीला जुंपलेली हरणं. सुनंदानं भोपळा उलटसुलट बघितला. "याले दात काहून आहेत?" मला माहीत नव्हतं. एकतीस वर्षं जे पुस्तक मी जप्त केलं, ते आता बोकांडी बसलं होतं, आणि वर त्यातलं एकही चित्र ओळखीचं नाही.

पेन्सिल बारीक, बोटांत राहीना. सुनंदानं जुन्या साडीची पट्टी फाडून तिच्याभोवती गुंडाळली आणि वरून दोरा बांधला. मी भोपळ्यावर केशरी रेघ ओढली. ती भोपळ्यातून निघाली, पान ओलांडून टेबलावर गेली. सुनंदानं कोपऱ्यातली फूटपट्टी उचलली आणि माझ्या हाताच्या वर धरली.

"पोरायले मारत होते ना? आता कोनाले मारू?"

ती हसत होती. मी पुस्तक फेकलं, म्हणजे फेकायचा प्रयत्न केला. ते मांडीवरून घसरून खाली पडलं, बस्स.

जमनाबाई

दुसऱ्या दिवशी सुनंदानं ते पुस्तक हट्टानं व्यायामाच्या खोलीत आणलं. तिथं आठवड्यातून दोनदा एक बाई यायची. जमनाबाई, घाटंजीकडच्या एका बंजारा तांड्यावरची. पासष्टीची असावी. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, हातात चांदीचं जाड कडं, अंगावर साधं लुगडं आणि डोक्यावरून काचा लावलेली जुनी ओढणी. लकव्यानं उजवी बाजू गेली होती. सुनेबरोबर एसटीनं यायची, पाय ओढत यायची, आणि खोलीत शिरताच सगळ्यांना रामराम करायची, भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्रालाही.

मी पुस्तक समोर ठेवून रुसून बसलो होतो. तिनं ते आपल्याकडे ओढलं.

"कोनाचं आहे?"

"माझं. म्हणजे माझ्या मुलीनं दिलं."

"मंग कोरं काहून आहे?"

मी सांगितलं की हात चालत नाही. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि फस्सकन हसली. "भाया, माहा कोनता चालते?" भाया म्हणजे भाऊ, तिच्या गोरबोलीतला. त्या दिवसापासून मी कधी भाया, कधी मास्तर.

तिनं शाळा पाहिलेली नव्हती. पेन्सिल आयुष्यात पहिल्यांदा धरली, त्याच उजव्या हातात, आणि धरली ती सुईसारखी, टोकाजवळ, अंगठा आणि दोन बोटांत. पान होतं बर्फातल्या घरांचं. छपरांवर ढीग, अंगणात ढीग, कुंपणावर ढीग.

"बाप्पा! छपरावर ठेवला यायनं," ती म्हणाली. "घरात जागा नसंन उरली. बम पिकला यंदा."

"काय पिकला?"

"कापूस."

मी मास्तर. मला राहवलं नाही. "तो कापूस नाही, बाई. बर्फ आहे."

"तुमी पाह्यला बर्फ?"

"असा नाही पाहिला."

"आनं कापूस?"

उत्तराची वाट न पाहता ती कामाला लागली होती.

त्या दिवशी मी जे पाहिलं ते मला जसंच्या तसं सांगायचं आहे. मी असतो तर पांढरी जागा कोरी सोडली असती. चांगला विद्यार्थी असता तर कडेला थोडी निळी सावली दिली असती. जमनाबाईनं आधी फिकट पिवळी पेन्सिल घेतली आणि ढिगात कुठं कुठं डाग दिले. "कवडी," ती म्हणाली. किडका, पिवळा पडलेला कापूस, वेचताना वेगळा काढतात तो. मग तपकिरीनं बारीक ठिपके. "पाला. किती बी जपून येचा, चिकटतेच." मग राखाडी, खालच्या बाजूला, जिथं ढीग जमिनीला टेकतो. आणि पाहता पाहता तो कागदावरचा पांढरेपणा जड झाला, उचलून नेण्याएवढा खरा झाला. मी यवतमाळ जिल्ह्यात जन्मलो, कापसाच्या गाड्यांमागून शाळेत गेलो, हजार पोरांना कापसाचं बोंड काढायला शिकवलं. सगळ्यांनी ते पांढरं काढलं आणि मी सगळ्यांना बरोबरची खूण दिली. कापूस पांढरा नसतो हे मला त्या खोलीत कळलं.

आणि ती ज्या रीतीनं रंग भरत होती तेही मी कधी शिकवलं नव्हतं. रेघ ओढतच नव्हती. लकव्याच्या हाताला लांब रेघ जमणारच नाही. ती पेन्सिल टेकवायची, ज्वारीच्या दाण्याएवढी रेघ काढायची, उचलायची. परत टेकवायची. एकाला लागून एक.

"हे काय करताय?"

"टाके," ती म्हणाली. "आयुष्यभर तेच केलं. घागऱ्यावर, ओढनीवर. हाताले दुसरं काही येतच नाही. लांब टाका घालून पाहा, दोरा सुटते. लहान टाक्याले बळ नाही लागत, भाया. सबुरी लागते."

तिनं पेन्सिल माझ्या बोटांत दिली आणि शेजारच्या छपराकडे बोट दाखवलं.

मी एक टाका घातला. मग दुसरा. त्या दुपारी माझे एकूण सतरा टाके झाले, आणि बोटं भरून आली. पण ते सतरा माझे होते. मी सुनंदाला दाखवले. तिनं एकेक मोजला.

शिवण

हे वाचणाऱ्या कुणाचा हात माझ्यासारखा झाला असेल तर एवढं कराच. लांब रेघेच्या नादी लागू नका. जुना हात आठवून तसं करायला जाऊ नका, त्यानं फक्त रडू येतं. जाड चिंधी गुंडाळलेली पेन्सिल घ्या आणि दाण्याएवढा एक टाका घाला. दिवसाला दहा झाले तरी दहा.

मार्च, एप्रिल आणि अर्धा मे आम्ही दोघं आठवड्यातून दोन दिवस एका टेबलाला बसलो. एक पान, दोघांत वाटून. डावा अर्धा तिचा, उजवा माझा. तिच्याकडे रंगांची एक वेगळीच रीत होती. सारखे दोन रंग शेजारी बसू द्यायची नाही. मी सांगायचो की लाल आणि जांभळा एकमेकांना खातात. ती मध्ये पिवळ्याचा एकच टाका घालायची आणि म्हणायची, "आता नाही भांडत." आणि खरंच नाही भांडत. तिनं रंगचक्राचं नाव ऐकलं नव्हतं. मी तीस वर्षं ते फळ्यावर काढतो आहे, आणि तो पिवळा टाका मला कधी सुचला नव्हता.

माझा रंग मात्र सारखा रेघेबाहेर जायचा. एकदा चिडून मी खोडरबर घेतलं. तिनं ते उचलून सुनेच्या पिशवीत टाकलं.

"रेघ म्हनजे शिवन ना, मास्तर? मंग शिवनीबाहेर कापड ठेवाच लागते. काठाकाठानं कापलं का उसवते सारं."

मला पट्ट्या आठवल्या. एक मुलगा आठवला, ज्याचा सूर्य नेहमी वर्तुळाबाहेर सांडायचा. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. पण तो कुठं असेल तिथं त्यानं हे वाचावं असं मला वाटतं.

हरणांचं पान आम्ही शेवटाला ठेवलं होतं. ते उघडल्यावर जमनाबाईचा चेहरा फुलला.

"पोळा!"

"बाई, ही हरणं आहेत. तिकडचा नाताळ."

"गाडीले हरन जुपते कोनी?" तिनं विचारलं. "बैलच हायेत. वाळले, चारा कमी पडला. आनं शिंगायले फांद्या फुटल्या. म्हातारा बाबा पोळ्याले घेऊन चालला बिचारा, अंगावर घोंगडं घेऊन."

मग तिच्या सांगण्यावरून आम्ही त्या आठ हरणांना पोळ्यासारखं सजवलं. प्रत्येक फांदीला वेगळा रंग, टोकांना पिवळे गोंडे, पाठीवर काचा लावलेली झूल, गळ्यात घुंगरांची माळ. तिचे चार झाले, माझे चार. मॅडमनी येऊन पाहिलं आणि फोनमध्ये फोटो काढला. डोळे मात्र तिनं एकाचेही भरले नाहीत.

"डोळे?" मी विचारलं.

"ते तुमी काढता ना पोरायच्या बैलाचे? सुनंदाबाईनं सांगतलं मले."

"काढत होतो," मी म्हटलं. "एका झटक्यात निघायचा डोळा. आता तो झटका नाही. यंदापासून बंद."

ते पान तिनं मागितलं, मी दिलं. तिनं ते घडी न घालता ओढणीत गुंडाळून नेलं. मेच्या मध्याला तिचं येणं संपलं, माझंही संपलं. निघताना म्हणाली, "लेक पुसदच्या बाजूच्या तांड्यात देली. आली तं येईन तुमच्या घरी." असं माणूस म्हणतं.

फाटक

जूनमध्ये शाळेत रुजू झालो, काठी घेऊन. रुजू होण्याच्या कागदावर सही केली. वेडीवाकडी, पण सही. खडू धरता येतो, लांब रेघ अजून थरथरते. पट्टी मी पहिल्याच दिवशी ऑफिसात जमा केली. पोरांना वाटलं, सर आजारपणानं भोळे झाले.

पोळा जवळ आला तशी गल्लीतली पोरं फाटकाशी घुटमळायला लागली. मी सुनंदाला सांगून ठेवलं होतं की त्यांना यंदा नाही म्हण. तिनं दोघा-तिघांना नाही म्हटलं, मग मला म्हणाली, "मले नाही होत आता. तुमीच सांगा त्यायले." मी पडदा ओढून आत बसलो. खोटं कशाला बोलू, मला त्या बैलांचे कोरे चेहरे बघवत नव्हते.

पोळ्याच्या सकाळी फाटक वाजलं. जमनाबाई उभी होती, एका हातात काठी, काखेत ओढणीचं गाठोडं. लेकीकडे पोळ्याला आली होती आणि तिथून एकटी ऑटोनं आमच्याकडे. सुनंदानं तिला धरून ओसरीवर बसवलं. पाणी घेतलं, रामराम झाला, आणि तिनं गाठोडं सोडलं.

आत लाकडी बैल होता. तिच्या नातीचा, लेकीच्या मुलीचा. लाल अंग, झुलीवर लहान लहान टाक्यांची नक्षी, त्या उजव्या हातानं काढलेली. आणि शिंगं? खरी शिंगं काढून तिनं तिथं वाळल्या पऱ्हाटीच्या दोन फांद्या बसवल्या होत्या. कापसाच्या झाडाच्या फांद्या, प्रत्येक टोकाला रंग, एका टोकाला चुकून राहिलेलं कापसाचं बोंड. सुनंदा तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी हसलो आणि मला रडू आलं, दोन्ही एकदम.

चेहरा कोरा होता.

"डोळे राह्यले," जमनाबाई म्हणाली.

"माझ्यानं होणार नाही, बाई. झटका नाही आता."

"झटक्यानं नाही होनार. टाक्यानं होईन." तिनं सुनंदाकडे पाहिलं. सुनंदा आधीच उठली होती. तिनं काळा रंग आणि बारीक कुंचला आणला. कुंचल्याला साडीची पट्टी गुंडाळलेली होती. ती कधी गुंडाळली होती, कुणास ठाऊक.

जमनाबाईनं आपला उजवा हात, लकव्याचा, माझ्या मनगटाखाली ठेवला. तो थरथरत होता, माझाही थरथरत होता. मी कुंचला टेकवला. एक टाका. उचलला. दुसरा. बैलाचा डावा डोळा नऊ टाक्यांत झाला. वीस वर्षांत मी काढलेल्या कुठल्याही डोळ्याहून तो सावकाश उघडला, आणि उघडला तेव्हा बैल माझ्याकडे बघत होता.

मग तिनं आपला हात काढून घेतला.

उजवा डोळा मी एकट्यानं काढला. सहाव्या टाक्याला बोट हललं आणि काळा रंग कडेबाहेर गेला. डोळा तिरपा झाला. माझा हात सवयीनं चिंधीकडे गेला. जमनाबाईनं चिंधी ओढून घेतली आणि कमरेला खोचली.

"पुसता कायले? तो तुमाले पाहून राह्यला."

फाटकाशी गल्लीतली पोरं उभी होती. कधी आली होती कळलं नाही, पण सगळ्यांच्या काखेत आपापला बैल होता आणि कुणी श्वासही मोठ्यानं घेत नव्हतं. मी कुंचला परत रंगात बुडवला.

"सुनंदा," मी म्हटलं, "फाटक उघड. एकेकाले येऊ दे."